पिठ्या ढेकणाचे वैरी

माझ्या सासऱ्यांनी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात काढली. गाडी फाटकातून आत येत असतानाच नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुकडीकाठच्या आमच्या पट्टीत द्राक्षाची बाग लावली. आमचं गाव ओझरच्या अलीकडचं. गावात बागा पुष्कळ, पण आमच्या बौद्ध वस्तीतली ही पहिली. त्यामुळे दादांना, म्हणजे सासऱ्यांना, तिचा अभिमान जरा जास्तच. मांडवाचे लोखंडी अँगल त्यांनी स्वतः वेल्डिंग करून उभे केले, तारा स्वतः ताणल्या. तार बोटानं छेडून म्हणायचे, "वाजली पायजे. ढिली तार आन् ढिला मानूस, दोन्ही कामाची न्हाईत."

मी डिंभ्याची. माहेरी भात, नाचणी आणि धरणातली मासळी. द्राक्षं पाहिलेली ती हातगाडीवर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, माघात, लग्न होऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या, म्हणजे सासूबाई, मला बाग दाखवायला घेऊन गेल्या. मांडवाखाली वाकून शिरले आणि तशीच उभी राहिले. डोक्यावर पानांचं छत आणि नजर पोचेल तिथवर खाली लोंबणारे घड. पानांतून गाळून आलेलं ऊन मण्यांत उतरलं होतं. एकेक मणी आतून उजळलेला.

"हात लावू का?" मी विचारलं.

आत्या हसल्या. "लाव की. तुझीच हाय आता."

दोन-तीन हंगाम चांगले गेले. मग बागेत पिठ्या ढेकूण शिरला.

बागाईतदार त्याला मिलीबग म्हणतात. तांदळाच्या कणीएवढा मऊ, गुलाबी किडा. अंगावर पीठ फासल्यासारखी पांढरी बुकटी. तो वेलीचा रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. त्या वर्षी घड लांबून पाहिले की वाटायचं, कुणीतरी मण्यांमध्ये पिंजलेला कापूस कोंबलाय आणि वरून काजळी झाडलीय. व्यापारी आला, दोन ओळी फिरला, रुमालानं हात पुसत बाहेर आला आणि चहाही न घेता निघून गेला. आत्यांनी एक घड बादलीत धुऊन पाहिला. चिकटा जाईना. शेवटी तो माल तोडून बांधाला टाकावा लागला. कितीतरी दिवस त्या ढिगावर माश्या घोंगावत होत्या.

दादांनी एप्रिलच्या छाटणीनंतर फवारणीला हात घातला. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारा मोठा पंप होता. पंप सुरू झाला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. एक औषध झालं की दुसरं, दुसरं झालं की दुकानदार म्हणेल ते तिसरं. फवारलं की आठवडाभर बरं वाटायचं. पुन्हा खोडाची साल उचकटून बघावं तर खाली ढेकूण बिऱ्हाड करून बसलेलेच. सालीच्या आत औषध पोचतच नव्हतं.

एका सकाळी मी गवत काढायला बागेत गेले. बराच वेळ काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं. मांडवात कोळ्याचं एकही जाळं नव्हतं. एरवी सकाळी दवानं भिजलेली जाळी तोंडाला चिकटायची, पदरानं पुसत पुढं जावं लागायचं. चतुर नाही, गांधीलमाशी नाही, गवतातून उडणारे टोळ नाहीत. सगळी बाग चिडीचूप. फक्त खोडांवरून मुंग्यांच्या रांगा वर चालल्या होत्या. एक मुंगी ढेकणाच्या पाठीवर शिंगानं थापटायची, ढेकूण चिकट्याचा थेंब सोडायचा, मुंगी तो पिऊन पुढच्या ढेकणाकडं वळायची. आमच्या माहेरी म्हशीला असंच थापटून पान्हा घालायला लावतात. मी दादांना हाक मारून दाखवलं. ते खोडाशी वाकले.

"गवळनी हैत या," ते म्हणाले. "आन् आपन त्यांचा गोठा सांभाळतोय."

त्याच पावसाळ्यात ओझरला शेतकरी मेळावा होता. दादा मला म्हणाले, "तू चल. तू बारावी सायन्स झाल्याली. त्या प्रयोगशाळेच्या मॅडम लई भराभर बोलत्यात म्हनं." मी गेले. मंगल कार्यालयात सतरंजीवर पुरुषांची गर्दी, बाया आम्ही चार-पाच. मॅडम पुण्याकडच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून आल्या होत्या. चाळिशीच्या असाव्यात, पायांत बूट, आवाज खणखणीत. त्यांनी पिशवीतून भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा काढला आणि पुढच्या रांगेत फिरवला. आत कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्यांवर किडे चालत होते. ज्वारीच्या दाण्याएवढे, पाठ काळी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

"हा ढालकिडा," मॅडम म्हणाल्या. "पान खात नाही, फळ खात नाही. याचं अन्न एकच, मिलीबग."

दादा उठून उभे राहिले. "मॅडम, ही एवढीशी चिंगळी. माज्या बागंत ढेकनांचा समुद्र हाय. पंपानं झालं न्हाई ते यानं कसं व्हनार?"

"काका, यांना पिल्लं होतात," मॅडम म्हणाल्या. "पंपाला होत नाहीत."

कार्यालय हसून दुमदुमलं. दादाही हसले आणि मला वाटतं, तिथंच ते निम्मे फितले. मॅडमनी दोन अटी घातल्या. बुरशीचं औषध चालेल, पण किडे मारायचं औषध एक थेंबही बागेत पडता कामा नये. आणि मुंग्या वर चढू द्यायच्या नाहीत, कारण त्या ढेकणांची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावून लावतात.

मुंग्यांचं काम दादांनी मनावर घेतलं. प्रत्येक खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि तिच्यावर ग्रीस फासायचं, असं ठरलं. आत्या, मी आणि दादा दिवसभर वाकून पट्ट्या बांधायचो. खोडं झाली. दोन दिवसांनी मी बघते तर मुंग्या वर आहेतच. दादा हात मागं बांधून बांधाबांधानं फिरले, मध्येच थांबून एका अँगलकडं टक लावून बघत राहिले.

"या खोडावरनं न्हाई आल्या, अँगलवरनं आल्या," ते म्हणाले. "आन् त्या कडंच्या तानाच्या तारंवरनं. वाट बंद केली तर मानूस दुसऱ्या वाटंनं येतोच की." मग अँगलना ग्रीस, ताणाच्या तारांना ग्रीस, पाण्याच्या नळीच्या खांबाला ग्रीस. आमची लुगडी, साड्या, दाराच्या कड्या, सगळ्याला तोच वास. आत्या वैतागून म्हणाल्या, "आता भाकरीला तेवढं लावायचं ऱ्हायलंय."

डबे आले ते श्रावण सरत असताना. ऊन उतरल्यावर सोडायचे, असं मॅडमनी सांगितलं होतं. दादांनी डब्याचं झाकण उघडून एका ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, धरलं. किडे एकेक करून बाहेर आले. त्यातला एक माझ्या तळहातावर चढला. अंगठ्यापाशी गेला, पाठीची ढाल दोन बाजूंना उघडली, आतून पातळ पंख काढले आणि उडाला. तळहातावर त्याचं वजन जाणवलंही नव्हतं. पुढच्या ओळीला पोचेपर्यंत मागच्या ओळीतले दिसेनासे झाले. सगळे डबे रिकामे झाले आणि एवढ्या मोठ्या बागेत ते कुठं गेले ते कळेना.

"गेलं," आत्या म्हणाल्या. "चिमन्यांनी खाल्लं आसंल."

दिवसामागून दिवस गेले. शेजारच्या बागांतून पंपांचे आवाज यायचे आणि दादा ओसरीवर येरझाऱ्या घालायचे. त्यांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. बिघाड दिसतोय आणि हात लावायचा नाही, ही गोष्ट त्यांच्या स्वभावात बसणारी नव्हती. तरी त्यांनी शब्द पाळला.

मग एका सकाळी ते बागेतून तरातरा घरी आले. चेहरा उतरलेला. "फसलो," म्हणाले. "ढेकून दुप्पट झाला. आन् आकारानंबी वाढला. खोडं पांढरी झाल्यात. आपन ढेकूनच पाळला, दुसरं काय न्हाई." आत्यांनी काही बोलायच्या आधी त्यांनी पंप बाहेर ओढला.

मी मागोमाग धावले. खोडांवर खरंच पांढरे पुंजके होते, आणि पूर्वीपेक्षा मोठे. अंगाला मेणाच्या दशा फुटलेल्या, एखाद्या पांढऱ्या फाटक्या शालीसारख्या. दादांनी टाकीत औषध कालवलं, दोरी ओढली, पंप धडाडला. ते बंदुकीसारखी फवाऱ्याची नळी घेऊन पहिल्या ओळीच्या तोंडाशी आले. मी खोडाशी वाकून बघत होते. आणि त्यातला एक पांढरा पुंजका चालू लागला.

ढेकूण चालत नाही असं नाही, पण तो सुस्त. हा मात्र भराभर चालला, वाकडा वळला, सालीच्या भेगेत डोकं घालून पुन्हा बाहेर आला. काहीतरी शोधत होता.

"दादा, थांबा!" मी ओरडले. पंपाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी जाऊन नळीच धरली.

"सोड पोरी, अंगावर उडंल."

"दादा, हे पळतंय."

"काय पळतंय?"

"हे पांढरं. ढेकूण कधी पळतो का?"

त्यांनी नळीचा खटका बंद केला आणि खोडाशी उकिडवे बसले. डोळ्यांवर त्यांचा चष्मा होता. एवढ्यानं भागेना तेव्हा मागून आलेल्या आत्यांकडं त्यांनी हात पुढं केला, त्यांचाही चष्मा मागून घेतला आणि आपल्या चष्म्यासमोर धरला. मीही गाल खोडाला लावून बघायला लागले. तो पांढरा प्राणी एका ढेकणापाशी थांबला. ढेकणाला त्यानं पुढच्या पायांत धरलं. क्षणभर दोघं सारखेच दिसत होते, एकाच घरातले थोरला आणि धाकटा असावेत तसे. मग ढेकूण आतून रिता होत गेला. गुलाबी अंग मिटलं, सुरकुतलं, नुसतं टरफल उरलं. तो प्राणी ते सोडून पुढच्या ढेकणाकडं गेला. त्याच्या पुढं अंड्यांचा कापूस होता, त्यात तो मानेपर्यंत घुसला.

"ही पिल्लं हैत," दादा हळूच म्हणाले. "त्या काळ्या किड्याची पिल्लं."

मॅडमनी मेळाव्यात पिल्लांच्या रूपाबद्दल सांगितलं असेल, तर त्या हशात आमच्या कानांवरून गेलं होतं. आईबाप काळे, गुळगुळीत. पोरं मात्र हुबेहूब वैऱ्यासारखी, तीच पांढरी बुकटी, तेच पीठ. ढेकणाला कळत नव्हतं, मुंगीला कळत नव्हतं, तीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला कळलं नव्हतं. हे कुणी शिकवलं असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि त्या विचाराला पुढं जायला जागाच सापडेना.

"चोराच्या घरात चोराचाच सदरा घालून शिरलंय," दादा म्हणाले.

पाठीमागं पंप धडधडत होता. तो पेट्रोल संपून आपोआप बंद पडला तरी त्यांनी मान वळवली नाही. ऊन चढलं, आत्या भाकरी करायला गेल्या, आम्ही दोघं एका खोडाकडून दुसऱ्या खोडाकडं जात होतो. टाकीतलं कालवलेलं औषध त्यांनी संध्याकाळी लांब पडकात खड्डा घेऊन पुरलं. माझे यजमान चाकणला नोकरीला होते, ते सुट्टीवर आलेले होते; रात्री जेवताना त्यांना दादा सगळं अभिनय करून सांगत होते. ढेकूण कसा, पिल्लू कसं, त्यानं धरलं कसं. पोरगा हसला तर रागावले. "हसतो काय? उद्या उजाडलं की चल, दावतो."

बाग त्या वर्षी काचेसारखी स्वच्छ झाली असं नाही. काही ओळींत कापूस राहिलाच, काही घड काळे पडले. पण पौषात मी घड विरळायला गेले तेव्हा मण्यांच्या मधून काळे-नारिंगी ढालकिडे निघायचे आणि माझ्या बोटांवरून चालत दुसऱ्या घडावर जायचे. कोळीही परतले. सकाळची जाळी पुन्हा तोंडाला चिकटू लागली आणि मला ती पुसताना बरं वाटायचं. माल विकला गेला, व्यापाऱ्यानं चहाही घेतला.

पुढच्या वर्षी मॅडम स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "दर वेळी डबे कशाला मागवता? घरीच वाढवा की."

ते वाढवायचे कशावर, तर डांगरावर. लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण सोडायचा, तो त्यावर पोसला की ढालकिडे सोडायचे. म्हणजे घरात आधी ढेकूणच पाळायचा. आत्या भडकल्या. "ज्यानं वरीसभराचा माल बांधाला टाकाया लावला त्याला घरात आनून जेवू घालायचं? मी जित्ती असंपतोवर न्हाई."

पण दादांनी धान्याची रिकामी खोली साफ केली, लाकडी घडवंची ठेवली, तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. देठासकट चांगली कडक डांगरं आणली. पंधरवड्यात, तीन आठवड्यांत डांगरांवर ढेकणांची साय धरली. चुना फासल्यासारखी पांढरी झालेली ती डांगरं अंधारात बसलेली बघून मला पहिल्यांदा भीती वाटली होती. मग जाळीच्या पेटाऱ्यात ढालकिडे सोडले. महिनाभरात नवे किडे निघाले आणि खिडकीकडच्या बाजूला उजेडाच्या ओढीनं गोळा झाले. जाळीच्या त्या कापडावर असे खेटून बसले होते, की दुरून काळं कापड लावलंय वाटावं. दादांनी प्लास्टिकच्या नळीचं, मध्ये मलमल लावलेलं एक यंत्र केलं. एका टोकानं श्वास ओढला की किडा नळीतून बाटलीत. तोंडात जायची भीती नाही.

वस्तीत चेष्टा झाली. "ह्यांच्या घरात ढेकनाचं बाळंतपन करत्यात," असं बाया पाणवठ्यावर म्हणायच्या. आणि ज्या आत्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हत्या, त्याच एक दिवस मला म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातलं डांगर मऊ पडलंय, बदल. पिल्लं उपाशी मरत्याल." नंतर तर कुणी त्या खोलीच्या भिंतीला हात लावला तरी ओरडायच्या. घरात डांगराची भाजी मात्र बंद झाली. म्हणायच्या, नको वाटतं.

एकदा वाईट झालं. शेजारच्या बागेत फवारणी चालू होती आणि वारा आमच्याकडं होता. दुसऱ्या दिवशी त्या कडेच्या दोन ओळींत मेलेले ढालकिडे, पिल्लं, सगळी मातीत पडली होती. दादांनी ती ओंजळीत गोळा केली. मला वाटलं आता भांडण. ते तसेच ओंजळ घेऊन शेजाऱ्यांकडं गेले. मी कुंपणाशी उभी होते, ऐकू येत होतं.

"भाऊ, हे बघ."

"काय हाय ते?"

"तुज्या बागंत येनार व्हते ते. माज्या बागंतलं संपलं की तुज्याच बागंत जानार व्हते. कुंपन त्यांना कुठं कळतंय?"

शेजारी म्हणाले, "दादा, मला काय म्हाईत? सांगायचं तरी." दादांनी त्यांना हाताला धरून आमच्या मधल्या ओळींत आणलं आणि खोडाशी बसवलं. दोन चष्म्यांची युक्ती त्यांनाही करायला लावली. तासाभरानं ते उठले तेव्हा गुडघ्यांची माती झटकायचीही त्यांना आठवण राहिली नाही. पुढं ते फवारायच्या आधी वारा बघून निरोप पाठवू लागले, आणि दोन वर्षांनी आमच्या खोलीतून बाटल्या भरून नेऊ लागले.

बाग आम्ही आणखी कितीतरी वर्षं ठेवली. वेली म्हाताऱ्या झाल्या तेव्हा काढली. औषध पुरतं सुटलं नाही. बुरशीला मारावंच लागायचं. पण ढेकणासाठी पंप पुन्हा निघाला नाही.

त्या मधल्या वर्षांतली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त आठवते. फवारणी बंद होऊन काही हंगाम झाले होते. फाल्गुनातली दुपार. मी एका पानावर काहीतरी चिकटलेलं पाहिलं आणि हातातलं विळा-टोपलं खाली ठेवलं. पानावर माकडाचं तोंड होतं. तुरीच्या दाण्याएवढं, तपकिरी; दोन डोळे, चपटं नाक, मिटलेला जबडा. कुणीतरी कोरून चिकटवावं असं. मी दादांना बोलावलं, दादांनी आत्यांना. तिघंही त्या एका पानाभोवती उभे. कुणी हात लावेना.

मॅडम दोन दिवसांनी आल्या आणि पान बघून एवढ्या खूश झाल्या की चप्पल काढून मातीत बसल्या. "हा कोष आहे," म्हणाल्या. "फुलपाखराचा. याची अळी मिलीबग खाते."

"फुलपाखराची अळी?" दादा म्हणाले. "ती तर पाला खाते."

"ही एक मांसाहारी. मिलीबगमध्ये राहते, त्यांचंच पीठ अंगावर घेते, आणि त्यांनाच खाते. आणि कोष होताना माकडाचं तोंड करते. का करते, नक्की सांगता येणार नाही. पक्षी दचकत असतील कदाचित."

"ह्यो कुनी सोडला?"

"कुणीच नाही, काका. आमच्याकडं हा वाढवत नाहीत. आपणहून आलाय."

"कुठनं?"

मॅडमनी पश्चिमेकडं डोंगरांकडं हात केला. दादांनी डोळ्यांवर हात धरून तिकडं पाहिलं. काही दिवसांनी कोष फुटला आणि त्यातून एक साधं, राखाडी-तपकिरी फुलपाखरू निघालं, दहा पैशांच्या जुन्या नाण्याएवढं. एरवी त्याच्याकडं मान वळवूनही कुणी बघितलं नसतं. ते मांडवाच्या तारेवर बसलं, पंख वाळवले आणि गेलं.

"ते जिथनं आलं ती जागा बघितली पायजे," दादा म्हणाले. ते ऐकून मी हसले, पण त्यांनी वैशाखात खरंच पिशवी भरली. आम्ही दोघं आधी माझ्या माहेरी डिंभ्याला गेलो. माझे वडील धरणात जाळं टाकणारे. त्यांना व्याही एक किडा शोधायला आलेत हे पटवून देण्यातच जेवण संपलं. सकाळी वर घाटमाथ्यावरच्या आहुप्याची गाडी येईल म्हणून फाट्यावर थांबलो. ती आली नाही. दुपारची आली. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत वर चढली आणि आम्हाला शेवटच्या थांब्यावर सोडून लगेच परत फिरली.

आहुप्याला देवाची राई आहे. तिथं कुऱ्हाड लागत नाही. आत शिरलं की भर उन्हाळ्यात गार आणि काळोखं. वेली मांडीएवढ्या जाड, झाडांच्या शेंड्यांकडं बघताना मान दुखावी. राईच्या कडेला करवंदांच्या जाळ्या पिकून काळ्या झाल्या होत्या. दादांनी चपला काढून बाहेर ठेवल्या आणि जाळ्यांची पानं उलटी करून बघायला लागले. मीही बघत होते. पाटीभर करवंदं तोडून एक म्हातारी तिथून चालली होती, ती थांबली.

"पावणं, काय हरावलं का?"

"न्हाई मावशी," दादा म्हणाले. "किडा बघतोय. माकडाच्या तोंडाचा."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "अरं बाबा, हितं माकडंच लई हैत. किडा कशाला हुडकतोस?" तरी ती पाटी उतरवून बसली आणि आमच्याबरोबर पानं उलटू लागली.

कितीतरी वेळ काही नाही. मग दादांनी हाक न मारता नुसता हात हलवला. एका कोवळ्या शेंड्यावर ढेकणांचा पुंजका होता, करंगळीच्या नखाएवढा. एवढाच. बाकीची सगळी जाळी स्वच्छ. आणि त्या पुंजक्यात पीठ पांघरलेली एक अळी तोंड खुपसून बसली होती. तिच्या वरच्या पानावर दोन कोष, दोन इवलीशी माकडं, शेजारी शेजारी. त्यातलं एक रिकामं.

दादांनी खिशातून झाकणाला भोकं पाडलेली डबी काढली. म्हातारीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राईतलं काय न्यायाचं नसतं. वाळली काटकीबी न्हाई."

मला वाटलं ते समजावतील, बागेचं सांगतील. त्यांनी डबी खिशात ठेवली. "न्हाई नेत मावशी," म्हणाले. "ते येतंय की आपलं आपनच."

मग ते तिथंच बसले. म्हातारीनं पाटीतली करवंदं आमच्या हातांवर घातली. समोर डोंगर एकदम तुटून खाली कोकणात उतरला होता आणि दरीतून वारा वर येत होता. त्या वाऱ्यात ते इवलंसं शेंड्याचं पान हलत होतं आणि अळी सावकाश एका ढेकणाकडून दुसऱ्याकडं सरकत होती. इथून आमची बाग किती डोंगर, किती नद्या ओलांडून. मधे एवढी फवारणी, एवढा रस्ता. त्या राखाडी पंखांनी हे कसं कापलं असेल, मी विचार करत राहिले. करवंदांनी दादांचे ओठ जांभळे झाले होते. संध्याकाळची परतीची गाडी यायची वेळ झाली, मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "जरा थांब. आता ती त्या थोरल्या ढेकनापाशी पोचंल."